ऑलिम्पिक गोल्ड जिंकलेला फाबियो घाटाच्या उतारावर गेला आणि सायकलच्या जगाला हेल्मेटचा विचार करावा लागला

१८ जुलै १९९५. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर पसरलेला पिरेनीज पर्वत. जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत, म्हणजे टूर द फ्रान्स, पंधराव्या टप्प्यावर आली होती. त्या दिवशी सायकलपटूंना एकामागून एक घाट पार करायचे होते. पहिला घाट चढून झाला आणि सगळा घोळका उतराला लागला. वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेला.

एका वळणावर काही जण पडले. शर्यतीत असं रोज होतं. पडलेले उठतात, सायकल उचलतात, पुढे निघतात. त्या दिवशी एक जण उठलाच नाही.

त्याचं नाव फाबियो कासार्तेली. इटलीचा. तीनच वर्षांपूर्वी ऑलिम्पिकचं सुवर्णपदक गळ्यात पडलेला. वय फक्त २४.

त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यामुळे गेली तीस वर्षं त्याचं नाव निघालं की हेल्मेटचा विषय निघतोच. ते बरोबरही आहे. पण फाबियोची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. घाटाच्या उतारावर माणूस नेमका कशामुळे वाचतो आणि कशामुळे जातो, हे समजून घ्यायचं असेल तर त्याचं छोटंसं आयुष्य आणि तो उतार, दोन्ही नीट बघावं लागतं.

सायकलवाल्यांच्या देवीच्या गावाजवळचा पोरगा

फाबियोचा जन्म १६ ऑगस्ट १९७० चा, उत्तर इटलीतल्या कोमो शहरातला. घर जवळच्याच आल्बेसे गावात. कोमोचं सरोवर आणि त्याच्या भोवतीचे डोंगर बघायला जगभरातून लोक येतात. पण सायकलवाल्यांसाठी या भागाची ओळख वेगळी आहे.

सरोवराच्या वरच्या अंगाला, सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, गिझाल्लो नावाची खिंड आहे. तिथे मदर मेरीचं एक छोटं चॅपल आहे. पूर्वी वाटसरू तिथे थांबून सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना करायचे. पुढे सायकलपटू थांबायला लागले. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी गिझाल्लोची माता ही सायकलपटूंची रक्षणकर्ती असल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं.

आपल्याकडे बोर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाट उतरण्याआधी ड्रायव्हर तिथे हात जोडतात, नाणं टाकतात. गिझाल्लोचंही तसंच. डोंगरात रस्ता जिथे खाली झेपावतो, तिथे जगभर माणसाला देव आठवतो.

अशा भागात वाढलेल्या पोराने सायकल पकडली यात नवल नव्हतं. इटलीत तेव्हा सायकलिंगची मोठी क्रेझ होती. गावागावात क्लब होते, पोरांच्या शर्यती व्हायच्या. फाबियो त्याच वाटेने पुढे आला. चढावर तो ठीक होता, सपाटीवर मजबूत होता आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जोर काढायची ताकद त्याच्या पायात होती.

बार्सिलोनाचं गोल्ड

१९९२ चं बार्सिलोना ऑलिम्पिक. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत तोवर फक्त हौशी खेळाडू उतरायचे. पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकांना तिथे बंदी होती. ती १९९६ च्या ऑलिम्पिकपासून उठली. म्हणजे फाबियो ज्या शर्यतीत उतरला, ती हौशी खेळाडूंची शेवटची ऑलिम्पिक शर्यत होती.

२ ऑगस्टला सुमारे १९४ किलोमीटरची शर्यत झाली. फाबियोसोबत इटलीकडून मिर्को ग्वाल्दी आणि डाविदे रेबेलीन हे दोघे होते. इटलीवर सगळ्यांची नजर असल्यामुळे बाकीचे देश त्यांना सुटू देत नव्हते. तरीही शेवटी फाबियो, नेदरलँड्सचा एरिक डेकर आणि लाटव्हियाचा डाइनिस ओझोल्स असे तिघे पुढे निसटले.

शेवटच्या धावेत फाबियोने डेकरला मागे टाकलं. गंमत म्हणजे रेषा ओलांडताना तिघांनीही हात वर केले होते. पहिल्याला गोल्डचा आनंद, दुसऱ्याला सिल्व्हरचा आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या लाटव्हियाच्या खेळाडूला ब्राँझचा. फाबियो तेव्हा २२ वर्षांचाही झालेला नव्हता.

गोल्ड मेडलिस्ट, पण संघातला मदतनीस

१९९३ मध्ये तो व्यावसायिक झाला. आधी आरिओस्तेया, मग झेडजी मोबिली आणि १९९५ मध्ये अमेरिकेचा मोटोरोला संघ. याच संघात लान्स आर्मस्ट्राँग नावाचा तरुण अमेरिकन होता.

ऑलिम्पिक जिंकलं म्हणजे पुढे सगळं सोपं, असं सायकलिंगमध्ये नसतं. व्यावसायिक संघात एक-दोघे म्होरके असतात. बाकीचे त्यांच्यासाठी राबतात. वारा अडवायचा, पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, म्होरक्याची सायकल पंक्चर झाली तर स्वतःचं चाक काढून द्यायचं. मोटोरोलामध्ये फाबियोचं काम प्रामुख्याने हेच होतं. सुवर्णपदक घरी कपाटात आणि हा गडी दुसऱ्यासाठी बाटल्या वाहतोय. व्यावसायिक सायकलिंग हे असंच चालतं.

१९९५ च्या टूरला तो आला तेव्हा घरी पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा होता.

तो उतार नेमका कसा आहे

त्या दिवशीचा टप्पा सां जिराँ ते कोतेरे असा होता. दोनशे किलोमीटरच्या पुढे आणि वाटेत सहा चढ. त्यातला पहिला पोर्ते दास्पे.

उंचीच्या हिशेबात हा घाट किरकोळ वाटतो. माथा फक्त १,०६९ मीटरवर. महाबळेश्वर त्याहून उंच आहे. पण धोका उंचीत नसतो, उतार किती तीव्र आहे यात असतो. पश्चिमेकडचा रस्ता सुमारे साडेचार किलोमीटरचा. सरासरी उतार साडेनऊ टक्क्यांच्या वर आणि काही ठिकाणी १७ टक्क्यांपर्यंत.

टक्के म्हणजे काय? १० टक्के उतार म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की १० मीटर खाली आलात. बोर घाटातल्या रेल्वेमार्गाचा सगळ्यात तीव्र उतार ३७ ला १ आहे, म्हणजे पावणेतीन टक्के. तेवढ्यासाठीही रेल्वेला जादा इंजिनं लावावी लागतात. त्याच्या तिपटीहून जास्त उतारावर बोटभर रुंदीच्या टायरवर माणूस खाली येतोय, असं डोळ्यासमोर आणा.

या उताराने आधीही इशारा दिला होता. १९७३ च्या टूरमध्ये फ्रान्सचा लाडका सायकलपटू रेमाँ पुलिदोर इथेच रस्ता सोडून खाली गेला आणि जखमी झाला. पुढचाच घाट कोल दे माँते. तिथे १९७१ मध्ये वादळी पावसात स्पेनचा लुई ओकान्या उतारावर पडला. त्याच्या अंगावर शर्यतीत सगळ्यात पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी होती. मागून आलेला सायकलपटू त्याच्यावर आदळला आणि ओकान्याची टूर तिथेच संपली. ती जर्सी आपोआप ज्याच्याकडे आली, त्या एडी मर्क्सने दुसऱ्या दिवशी ती घालायला नकार दिला.

त्या दिवशी काय घडलं

दुपारचे बारा वाजायला आले होते. ऊन होतं, रस्ता कोरडा होता. शर्यत अजून सुरुवातीलाच असल्यामुळे घोळका मोठा होता. अंदाजे ताशी ८८ किलोमीटर वेगाने सगळे खाली येत होते.

एका वळणावर काही सायकलपटू पडले. एक जण थेट रस्त्याबाहेर खालच्या उतारावर फेकला गेला, तरी वाचला. आणखी एकाचं हाड मोडलं आणि त्याची शर्यत तिथेच संपली. फाबियो रस्त्याच्या कडेला आदळला. त्या कडेला दरीच्या बाजूने काँक्रीटचे चौकोनी ठोकळे होते. गाड्या खाली जाऊ नयेत म्हणून लावलेले. त्यातल्या एकावर त्याचं डोकं आपटलं.

डॉक्टर काही क्षणांत पोहोचले. हेलिकॉप्टरने त्याला तार्बच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. वाटेत त्याचं हृदय पुन्हा पुन्हा बंद पडलं. हॉस्पिटलमध्ये त्याला मृत घोषित करण्यात आलं.

पुढे शर्यत चालूच होती. टप्पा फ्रान्सच्या रिशार विराँकने जिंकला. फाबियो गेल्याचं त्याला जिंकेपर्यंत माहीत नव्हतं. तरी नेहमीसारखा बक्षीस समारंभ झाला आणि त्यावरून आयोजकांवर टीका झाली.

टूरच्या इतिहासात शर्यत चालू असताना सायकलपटू दगावण्याच्या घटना मोजक्याच आहेत. १९३५ मध्ये स्पेनचा फ्रान्सिस्को सेपेदा गालिबिए घाटाच्या उतारावर पडला. १९६७ मध्ये ब्रिटनचा टॉम सिम्प्सन माँ वाँतूच्या चढावर उन्हात कोसळला, त्याच्या शरीरात उत्तेजकं सापडली होती. आणि १९९५ मध्ये फाबियो.

दुसऱ्या दिवशी कोणी शर्यत लावली नाही

१९ जुलैला तार्ब ते पो असा डोंगरातला मोठा टप्पा होता. सगळे सायकलपटू निघाले, पण कोणी कोणाला मागे टाकलं नाही. अख्खा दिवस घोळका एकत्र, संथ चालत राहिला. शेवटी बाकीचे मागे थांबले आणि मोटोरोलाच्या खेळाडूंना पुढे जाऊ दिलं. त्यांनी एका ओळीत रेषा ओलांडली. सगळ्यात पुढे होता आंद्रेआ पेरोन, फाबियोचा देशबांधव आणि त्याच्या खोलीतला जोडीदार. त्या दिवसाचा निकाल धरला गेला नाही. बक्षिसाची रक्कम फाबियोच्या कुटुंबाला देण्यात आली.

दोन दिवसांनी लिमोजला आर्मस्ट्राँगने टप्पा जिंकला. रेषा ओलांडताना त्याने दोन्ही हातांची बोटं आकाशाकडे केली. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. पण १९९५ चा हा टप्पा त्या कारवाईच्या आधीच्या काळातला असल्यामुळे त्याच्या नावावर राहिला.

हेल्मेट असतं तर वाचला असता का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि डॉक्टरांमध्येच एकमत झालं नाही. मार जिथे बसला तो भाग हेल्मेटखाली येत नव्हता, असं काहींचं म्हणणं होतं. हेल्मेटने काही इजा टळली असती, असं दुसऱ्यांचं.

पण तेव्हा हेल्मेट नसणं ही फाबियोची एकट्याची चूक नव्हती. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, हेल्मेट सक्तीचं करायचा प्रयत्न केला होता. पॅरिस-नीस शर्यतीत खेळाडूंनीच विरोध केला. चढावर उकडतं, जड होतं, आमचं डोकं आमची मर्जी, असा सूर होता. नियम मागे घ्यावा लागला.

फाबियो गेल्यावर विषय पुन्हा निघाला, पण सक्ती तरीही झाली नाही. त्यासाठी आणखी एक जीव जावा लागला. मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला. हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर मे २००३ पासून हेल्मेट सक्तीचं झालं. सुरुवातीला शेवटच्या लांब चढावर ते काढायची मुभा होती, नंतर तीही गेली.

म्हणजे पहिल्या प्रयत्नापासून नियम पक्का व्हायला बारा वर्षं लागली.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. २०११ मध्ये जिरो द इटालियात बेल्जियमचा वाउटर वेलांट उतारावर पडून गेला. २०२३ मध्ये टूर द स्विसमध्ये स्वित्झर्लंडचा जिनो मेडर आल्बुला घाटाच्या उतारावर दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं.

हेल्मेट काय करतं आणि काय करू शकत नाही

युरोपात हेल्मेटची चाचणी घेताना डोक्याच्या आकाराचा साचा हेल्मेटसकट साधारण दीड मीटरवरून सपाट पृष्ठभागावर टाकतात. आदळताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. हे कमी वाटतं, पण त्याला अर्थ आहे. सायकलवरून माणूस बाजूला कोसळतो तेव्हा डोकं साधारण तेवढ्याच उंचीवरून रस्त्यावर आपटतं. पुढे जायचा वेग कितीही असला तरी शरीर घसरत जातं आणि डोक्याला बसणारा उभा मार हेल्मेट झेलू शकतं. म्हणून बहुतेक पडण्यांमध्ये हेल्मेट खूप कामाचं.

पण घसरत जाताना वाटेत काँक्रीटचा ठोकळा, झाडाचं खोड, कठडा किंवा समोरून येणारी गाडी आली तर हिशेब बदलतो. मग सगळा वेग एका क्षणात थांबतो. ताशी ३० ला कठीण वस्तूवर आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, एका मजल्यावरून पडण्यासारखं. ताशी ६० ला १४ मीटर, म्हणजे चार-पाच मजले. ताशी ८८ ला ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारत. वेग दुप्पट झाला की मार दुप्पट होत नाही, चौपट होतो.

दहाव्या मजल्यावरून पडणाऱ्याला कोणतंही हेल्मेट पुरत नाही. फाबियोच्या गोष्टीतून घ्यायचं ते हेच. हेल्मेट हा शेवटचा बचाव आहे. पहिला बचाव वळणाच्या आधी, ब्रेकवरच्या बोटांत असतो.

उतरण्याला बक्षीस नसतं

टूरमध्ये घाट चढणाऱ्यासाठी लाल ठिपक्यांची जर्सी असते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोर घाट पहिला चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणून मान मिळतो. उतरणाऱ्याला कुठेच जर्सी नाही, राजेपदही नाही. तरी शर्यतीत चढावर गेलेला वेळ लोक उतारावर भरून काढायला बघतात. नळीवर बसून, छाती हँडलला टेकवून वेग वाढवायची एक पद्धत खूप गाजली होती. १ एप्रिल २०२१ पासून यूसीआयने त्यावर बंदी घातली. कारण त्या अवस्थेत सायकल सावरता येत नाही आणि बघणारी पोरं गल्लीत तेच करायला जातात.

हिंगोलीच्या सायकलवाल्याला याचं काय?

हिंगोली जिल्हा पठारावरचा. औंढा नागनाथच्या आसपास डोंगर आहेत, कयाधू आणि पैनगंगेच्या खोऱ्यांकडे रस्ते उतरतात, पण पिरेनीजसारखे घाट इथे नाहीत. आणि गडबड नेमकी इथेच होते. सपाटीवर रोज ४०-५० किलोमीटर मारणाऱ्याचे पाय तयार असतात, दम तयार असतो. उताराची सवय मात्र नसते. असा सायकलवाला पंढरपूरला निघाला की वाटेत बालाघाटच्या डोंगररांगा येतात. कोकणात उतरायचं ठरवलं तर थेट सह्याद्रीचा घाट लागतो. चढ त्याला दमवतो, पण चढावर तो पडत नाही. धोका माथ्यावर पाणी पिऊन, फोटो काढून झाल्यावर सुरू होतो.

विषय फक्त महागड्या सायकलींचा नाही. मानव विकास कार्यक्रमातून हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्या साध्या सायकलींच्या स्टीलच्या रिमवर पाणी पडलं की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं. शाळा सुटल्यावर पावसात गावाकडचा उतार उतरणाऱ्या मुलीसाठी ते साडेचारशे मीटरही घाटच असतात.

उतरायचं कसं?

माथ्यावर थांबा, सायकल बघा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकला. चाक फिरलं नाही पाहिजे. ब्रेकचं रबर झिजलंय का, टायरला चीर आहे का, चाक घट्ट बसलंय का हे बघा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळा. डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट आधी उडतं, मग माणूस पडतो.

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वेग आधीच कमी करा आणि वळणात शिरल्यावर ब्रेक हलका सोडा. वळताना टायरची सगळी पकड वळण्यासाठी लागते. त्यात जोरात ब्रेक मारला तर चाक घसरतं.

दोन्ही ब्रेक वापरा. पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो, ही भीती आपल्याकडे घराघरात आहे. झटका दिला तर ते खरंही आहे. पण ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे सायकल थांबवायचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा एकटा दाबला तर चाक फरफटतं. दोन्ही हळूहळू दाबायचे आणि त्याच वेळी अंग मागे, खाली न्यायचं.

थांबायला किती जागा लागते ते लक्षात ठेवा. कोरड्या रस्त्यावर, १० टक्के उतारावर ताशी ३० ला असाल आणि धोका दिसल्यावर एका सेकंदात ब्रेक दाबलात तरी थांबेपर्यंत साधारण १७ मीटर जातात. ताशी ६० ला हाच आकडा ५० मीटरच्या पुढे जातो. पावसात आणखी जास्त. साधा नियम असा की पुढचा जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. वळणापलीकडचं दिसत नसेल तर तिथे म्हैस उभी आहे असं समजूनच जायचं.

ब्रेक सतत दाबून धरू नका. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा. तीन किलोमीटरच्या १० टक्के उतारावर तीनशे मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर पाऊण लिटर पाणी उकळू शकतं. हळूहळू, ब्रेक धरून आलात तर ही बहुतेक उष्णता ब्रेक आणि रिममध्येच जाते. रिम तापली की ट्यूब फुटू शकते. म्हणून दाबा, वेग पाडा, सोडा, पुन्हा दाबा. लांब घाटात मध्ये थांबून ब्रेक थंड होऊ द्या.

नजर जिथे जायचंय तिथे. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाता. वळणाच्या शेवटाकडे बघा. वळताना बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली ठेवा आणि त्याच पायावर वजन द्या. आतलं पॅडल खाली असेल तर ते रस्त्याला घासून सायकल उचलली जाते.

हँडल थरथरलं तर घाबरू नका. जास्त वेगात कधी कधी पुढचं चाक डगमगायला लागतं. अशा वेळी हँडल घट्ट आवळलं तर ते वाढतं. दोन्ही गुडघ्यांत मधली नळी पकडा, हात सैल सोडा आणि वेग हळूहळू कमी करा.

अंतर ठेवा. फाबियो घोळक्यात होता. एक पडला की मागचे पडतात. शर्यतीत ते टळत नाही, पण रविवारच्या राइडला चिकटून उतरायची गरज कोणालाच नसते.

आपली बाजू सोडू नका. टूरमध्ये समोरून गाडी येत नाही, म्हणून ते अख्खा रस्ता वापरतात. आपल्या घाटात वळण कापायला उजवीकडे गेलात तर समोर एसटी असू शकते. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा रस्त्याचा नियमही आहे. उतरणाऱ्या ट्रकला वळणावर ओलांडू नका. पहिल्या पावसातलं ऑइल, पांढरे पट्टे, खडी, शेण आणि स्पीडब्रेकरच्या पट्ट्या यांच्यावर असताना ना ब्रेक, ना वळण.

वाहतुकीचा धोका किती मोठा आहे, हे फाबियोच्याच जोडीदारावरून कळतं. बार्सिलोनात त्याच्यासोबत उतरलेला डाविदे रेबेलीन तीस वर्षं व्यावसायिक शर्यती खेळला आणि वयाच्या ५१ व्या वर्षी निवृत्त झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, इटलीत नेहमीसारखा सायकल चालवत असताना एका ट्रकने त्याला उडवलं.

फाबियोची सायकल आज कुठे आहे?

पोर्ते दास्पेच्या उतारावर आज संगमरवराचं स्मारक आहे. पंख असलेलं चाक कोरलेलं. त्या घाटातून जाणारे सायकलवाले तिथे थांबतात. टूरही पुढे अनेकदा त्याच घाटातून गेली.

आणि त्याची त्या दिवशीची मोडलेली सायकल गिझाल्लोच्या चॅपलमध्ये ठेवली आहे. मोठमोठ्या विजेत्यांच्या सायकली आणि जर्सी तिथे भिंतींवर आहेत, त्यांच्यातच ही पण. चॅपलमधून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना रस्ता खालीच जातो. ती सायकल बघून निघालेला माणूस देवीला हात जोडतो, हेल्मेटचा पट्टा आवळतो आणि पहिल्या वळणाच्या बराच आधी ब्रेकवर बोटं ठेवतो.